बेकरीत एकही मेंढी नव्हती

मी तुरतुरी बोलतेय. डोळे पुरते उघडायच्या आत पाय पळायला लागले, म्हणून मेंढपाळानं हे नाव ठेवलं. रंगानं काळी-पांढरी, एक कान उभा, एक पडलेला. मेंढ्या वळणाऱ्या जातीची मी. राखण करणारे कुत्रे वेगळे, ते भुंकतात, अंगावर जातात. आम्ही बघतो. पोट जमिनीला लावून असं रोखून बघायचं, की मेंढीला वाटावं, कुंपणात जायचं तिचं तिनंच ठरवलं.

गवताच्या गंजीमागे जन्मले. मेंढपाळाच्या शिट्या ऐकत वाढले. लांब शिटी म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे डावीकडून वळव, चढत गेली की उजवीकडून. दिवसभर उतारावर पळायचं. संध्याकाळी तो माझ्या केसांतली कुसळं काढायचा, पंजे उलटून काटा शोधायचा आणि घरच्या तक्रारी मलाच सांगायचा. मी ऐकून घ्यायची. तेही कामच होतं.

मी चार वर्षांची झाले आणि त्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उतारावर जायला साफ मनाई केली. मेंढ्या दुसऱ्याकडे गेल्या, आणि मला त्यानं आपल्या थोरल्या बहिणीकडे आणून सोडलं. तिच्या मुलाची बेकरी होती, मागे घर. दारातच तो म्हणाला, "ताई, एक वेळ उपाशी ठेव, पण हिला रिकामी ठेवू नकोस."

माणसं मायेची, तीच तर पंचाईत. बेकरीवाला म्हणाला, मामानं बिचारीला फार राबवलं, आता करू दे आराम. आईलाही त्यानं असाच आराम दिला होता. चाळीस वर्षं ती भट्टीपुढे उभी होती. एके दिवशी त्यानं तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि तिला गादीच्या खुर्चीत नेऊन बसवलं. त्या खुर्चीशेजारी आता माझी गादी आली. मी तिला आजी म्हणते. आम्ही दोघी बसून राहायचो. ती सुनेनं घासलेले साचे पुन्हा घासायची, मी पंजा चाटायची. चाटून चाटून पंजाला जखम झाली.

त्यात भट्टीची ऊब. मला उकडत असेल म्हणून त्यांनी माझे केस मशीननं उतरवले. अहो, आमचे केस दुहेरी असतात. आत मऊ लोकर, वर लांब केस. ऊन आणि गारठा दोन्ही बाहेर थोपवतात. ते गेले आणि अंगणातल्या उन्हानं पाठ भाजून निघाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विंचरायचं असतं, उतरवायचं नसतं. बेकरीवाला इतका ओशाळला की जाताना त्यांना केक बांधून दिला.

पण खरी गंमत पुढे झाली. सकाळी दुकानात गिऱ्हाईकं यायची. एक इथे, दोन तिथे, कुणी बरण्यांपाशी, कुणी दाराशी. असा विखुरलेला कळप बघून माझ्या जिवाची तगमग व्हायची. मग मी कामाला लागले. वाकून, बघून, हळूहळू सगळ्यांना टोस्टच्या फळीपाशी गोळा केलं. अकरा माणसं खांद्याला खांदा लावून उभी, कशी ते त्यांनाही कळेना. लोक हसले. मी रोजच तसं करायला लागले. आत घ्यायची, बाहेर मात्र सोडायची नाही. एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाई पाव घेऊन निघाल्या. मी बघितलं, त्या थांबल्या नाहीत. मी त्यांच्या टाचेला दात टेकवले. चावले नाही, टेकवले. हट्टी मेंढीला आमच्यात तेवढं चालतं. मोठ्या बाईंना ते ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी बेकरीवाल्यानं निकाल दिला. गोदामाचा पहारेकरी पुढच्या रविवारी येऊन मला घेऊन जाणार. तिथे फाटकाशी साखळी, दिवसरात्र.

आजी खुर्चीतून उठली. "माझ्या हातचं पीठ काढून घेतलंस, तेव्हा मी काय केलं? तुझ्या बायकोचा जीव खाल्ला. हिचं तेच झालंय. ही वाईट नाही रे, रिकामी आहे."

सुनेनं जोरजोरात मान डोलावली.

आजीनं भावाला फोन लावला आणि शिट्या शिकायला बसली. पहिल्या दिवशी शिटीऐवजी कवळीच बाहेर आली, ती थेट लोण्याच्या पातेल्यात. दुसऱ्या दिवशी नुसती फू. पाचव्या दिवशी अंगणातून लांब शिटी आली आणि मी होते तिथे थबकले. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी कुणी माझ्या भाषेत बोललं होतं.

शनिवारी आजी मला अंडीवालीकडे घेऊन गेली. बेकरीला अंडी हीच देते. तिची साठ बदकं तळ्याकाठी फिरायची, आणि संध्याकाळी त्यांना आत घालता घालता ती रडकुंडीला यायची. बेकरीवाला मागोमाग आला होता. "आई, एका बदकाला जरी दात लागला, तर उद्या ती गेली. मग मला बोल लावायचा नाही."

दोन आखूड शिट्या. मी डावीकडून लांबून वळले. बदकं मेंढ्यांसारखी नसतात. चटकन फुटतात आणि बोलतात फार. तरी जमत आली. एक नर मात्र हलेना. मान ताठ करून समोर आला आणि माझ्या नाकावर चोच हाणली. रक्त आलं. जबडा आपोआप उघडला. त्याची मान बोटभर अंतरावर होती.

लांब शिटी. थरथरती, अर्धी हवाच, पण लांब.

मी पोटावर बसले आणि नुसतं बघत राहिले. त्यानंही बघितलं. मग शेपटी झटकून तो वळला, जसं काही त्याला आत जायचंच होतं. बाकीची त्याच्यामागे. अंडीवालीनं फाटक लावलं आणि म्हणाली, "काकू, उद्या किती वाजता पाठवताय हिला?"

रविवारी पहारेकरी साखळी घेऊन आला. बेकरीवाल्यानं त्याला चहा दिला, वर खारी दिली आणि सांगितलं, "नाही जमायचं. तिला नोकरी लागली."

या गोष्टीला सात वर्षं झाली. केस परत आले, पंजा भरला. आजी सकाळी पुन्हा पीठ मळते, नंतर मला विंचरते. आता आम्ही दोघी सावकाश चालतो. आमच्या जातीचं पिल्लू गोंडस दिसतं, तुम्हाला न्यावंसं वाटेल. न्या. पण गादी आणण्याआधी त्याला काम काय देणार ते ठरवा. मेंढ्याच हव्यात असं नाही. रोज लांब पळणं, लपवलेली वस्तू शोधणं, तुमचं बोलणं समजून घेणं, यातलं काहीही चालेल. डोक्याला आणि पायांना रोज काहीतरी द्या. माया त्यातच आली.

बरं, बसा तुम्ही. उन्हं कलली, आणि तो नर तळ्याच्या पलीकडे निघालेला दिसतोय.