न फोडलेलं पाकीट

जुने तारेचे फोन बंद करायच्या नियमाचा मसुदा दूरसंचार खात्यातल्या त्या अधिकाऱ्यानेच लिहिला होता. हरकती फक्त ऑनलाइन घ्यायच्या, हे कलमही त्याचंच. टपालाने आलेली पत्रं तो नाव न वाचता, न फोडता, शिक्का मारून परत पाठवायचा.

रोज सकाळी आठला त्याला फोन करणारी त्याची मावशी आपला फोन बंद होणार म्हणून कुरकुरली, तेव्हा तो खेकसला, "हरकत असेल तर रीतसर लिहून कळव की!"

फोन बंद झाला. महिन्याभराने मावशी घरात एकटीच पडली आणि गेली. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता.

तिचं कपाट आवरताना त्याला एक बंद पाकीट सापडलं. वर त्याचाच शिक्का होता. आत मावशीचं थरथरतं अक्षर:

"साहेब, मला मोबाइल जमत नाही. फोन तोडू नका. आठ वाजता माझा भाचा वाट बघतो."