मिद्वे म्हणजे आम्ही दोघी

आमच्या स्लोव्हेनियन भाषेत दोघांसाठी वेगळा शब्द आहे. दोन बायका असल्या तर 'मिद्वे', म्हणजे आम्ही दोघी. तिसरं कुणी आलं की शब्द बदलतो, क्रियापदही बदलतं. यात शाळकरी पोरंसुद्धा चुकत नाहीत.

झिवा आणि मी कित्येक वर्षं मिद्वेच होतो. ल्युब्ल्यानातल्या आमच्या संस्थेच्या तळघरात गुहेतले आंधळे, फिकट जलचर अंधारात पाळले आहेत. त्यातल्या एकाचा पाय तुटला होता, आणि वर्षभर उपाशी असूनही त्याला नवा पाय फुटला. ते मला दिसलं. "अगं, पण हा पाय त्याने आणला कुठून? पोटात तर काही नाही," असं झिवा म्हणाली. त्यातूनच आमचं सगळं काम उभं राहिलं. त्यात कुणाचं किती, हे विचारायची कधी गरजच पडली नाही.

गरज पडली ती युरोपीय संघाच्या संशोधन-अनुदानामुळे. ते एकाच माणसाच्या नावावर मिळतं, आणि डॉक्टरेट होऊन फार वर्षं झालेल्यांनी त्या वाटेला जायचंच नाही. माझी वर्षं उलटून गेली होती. शिवाय माझी नेमणूक उन्हाळ्यानंतर संपणार होती.

"माझ्या नावावर घेऊ, आणि त्यातून पहिली नेमणूक तुझी," झिवा म्हणाली. "मिद्वे आहोत ना?"

मी मान डोलावली. दुसरा मार्गही नव्हता.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. मुलाखत ब्रसेल्सला, इंग्रजीत. तयारी करून घ्यायला संस्थेने बोयानला बोलावलं. लोकांना अनुदानं मिळवून देणं हाच त्याचा धंदा, आणि तोंडाने भलता फटकळ.

"पुन्हा 'आम्ही'!" तो झिवावर खेकसला. "तिथे पैसे एका डोक्याला देतात, बाई. 'आम्ही' म्हटलंत की ते विचारणार, मग हे डोकं नक्की कुणाचं?"

"पण खरंच आम्ही दोघींनी..."

"खरं काय ते घरी कॉफी पिताना सांगा."

मग त्याने गावाकडची गाईच्या गळ्यातली घंटा आणून माझ्या हातात दिली. "दारिन्का, तुम्ही वाजवा. 'आम्ही' आलं की वाजवायची. मी वाजवली तर ही भांडते. तुमचं ऐकेल."

मी वाजवली. सुरुवातीला झिवा जीभ चावायची, "कान फुटले गं माझे!" म्हणून हसायची. मग घंटा वाजली रे वाजली की ती 'मी' म्हणून तशीच पुढे जायला लागली. "मी पाहिलं की उपाशी जिवालाही पाय फुटतो," ती इंग्रजीत म्हणायची. ते पाहणारी बाई समोर घंटा धरून बसली होती! मला ते फार लागलं. पण तिचं काम व्हावं असंही मनापासून वाटत होतं, त्यातच माझं पोट होतं. शेवटच्या दिवशी घंटा वाजवायची वेळच आली नाही. बोयान खूश झाला. मला मात्र घरी जाऊन जेवण गेलं नाही.

अनुदान मिळालं. तयारी केली त्याच खोलीत अक्रोडाची पोतित्सा, आमचा सणासुदीचा केक, कापली, वाइन ओतली. संचालक आले, रेडिओवाली आली. माझ्या नेमणुकीबद्दल झिवाने चकार शब्द काढला नव्हता. सकाळी मी विचारलं, तर "बघू गं, संचालकांशी बोलायला हवं," म्हणाली.

रेडिओवालीने आमच्या भाषेत विचारलं, "हे सुचलं कसं?"

इंग्रजीत दोघींचं 'आम्ही' आणि शंभर जणांचं 'आम्ही' सारखंच. आमच्या भाषेत तशी लपायला जागा नाही.

"आम्ही सगळ्यांनी," झिवा म्हणाली, "संस्थेतल्या आम्ही सगळ्यांनीच पाहिलं की..."

सगळ्यांनी! म्हणजे संचालक, बोयान, दारावरचा रखवालदार, आणि त्या गर्दीत कुठेतरी मी. माझं डोकंच फिरलं. घंटा टेबलावरच होती, पोतित्साच्या ताटाशेजारी. मी ती उचलली आणि जोरात वाजवली. चुकलीस, नीट म्हण, मिद्वे म्हण, एवढंच मला सांगायचं होतं.

लोक हसले. झिवाने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. सवयीने तिने वाक्य दुरुस्त केलं.

"मी," ती म्हणाली. "मी पाहिलं."