तुमच्याकडून काही कमी पडलं का?

"त्यांना विचार, तुमच्याकडून काही कमी पडलं का?"

इअरपीसमधून प्रोड्युसरचा आवाज आला आणि माझं डोकंच फिरलं. मी लाइव्ह होते. समोर शिलाई मशीनला टेकून एक बाई बसली होती. तिची मुलगी नळाचं पाणी पिऊन आजारी पडली आणि गेली. नळाला गटाराचं पाणी येतंय म्हणून या बाईने पाणीखात्याच्या ऑफिसात खेटे घातले होते. आणि हिला मी विचारायचं, तुझं काय चुकलं?

हे वाक्य प्रोड्युसरचं नव्हतंच. त्या मेल्याला इतकं गोड बोलता कुठे येतं? हे आमच्या घरचं वाक्य. माझे बाबा जन्मभर राजकारणात. रोज सकाळी पुढच्या खोलीत लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी मायेने विचारायचे, "तुमच्याकडून काही कमी पडलं का?" झालं! न्याय मागायला आलेला माणूस ओशाळून, माफी मागून जायचा. बाबांची ही विद्या दादाने बरोबर उचलली. दादा आता पाणीपुरवठा मंत्री आहे. म्हणजे स्वारी आमच्या चॅनेलच्या कंट्रोल रूमला फोन लावून बसली होती.

नोकरी मागायला गेले तेव्हा संपादकांचा पहिला प्रश्न होता, "बाबांची तब्येत काय म्हणते?" तिथेच मी उठायला हवं होतं, पण हौस दांडगी. पूर झाले, संप झाले, आगी झाल्या, सगळीकडे चिखल तुडवत गेले. बातमी आणली की "हिला काय, घरबसल्या मिळते." सरकारवर टीका केली की "भावाबहिणीचं बिनसलंय वाटतं." आणि बाबा पाहुण्यांना सांगणार, "छोटीचा छंद आहे हो तो." छंद म्हणे!

मी इअरपीस उपटून खिशात टाकला.

"ताई, तुम्ही बोला. अगदी पहिल्यापासून सांगा."

ती बोलली. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, पोट दुखतंय म्हणाली. दवाखाने, रिक्षा, बंद पडलेली लिफ्ट, सगळं सांगितलं. एकदाही रडली नाही. शेवटी म्हणाली, "एवढंच," आणि मांडीवरचे दोरे झटकले.

मी कॅमेरामनकडे वळले. तो माझ्याकडे बघेना.

"लाइव्ह कधी कापलं?"

"तू कानातलं काढलंस ना, तेव्हाच. जाहिराती लावल्या त्यांनी."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? त्या सांगत होत्या."

बाईने विचारलं, "गेलं ना मॅडम सगळं टीव्हीवर? माझी बहीण बघत असेल."

खोटं बोलणं सोपं होतं. आमच्या घरात ते सगळ्यांनाच छान जमतं.

"नाही गेलं, ताई. मध्येच बंद केलं."

"कोणी?"

"माझ्या भावाने. तो पाणीपुरवठा मंत्री आहे."

तिने घरातून हाकलून दिलं असतं तरी मी निमूट गेले असते. इतक्यात माझा फोन वाजला. दादाच होता. मी स्पीकर चालू केला.

"छोटे, अक्कल गहाण टाकलीस का? बाबांच्या वयाचा तरी विचार कर! उद्यापासून घरी बस, मी बोललोय तुझ्या मालकाशी."

"बसेन. पण आता तोंड बंद ठेव आणि ऐक." मी फोन मशीनच्या फळीवर ठेवला. "ताई, मंत्री आहेत. सांगा त्यांना."

ती फोनवर वाकली. आवाज चढवला नाही.

"साहेब, डॉक्टर म्हणाले होते, अंगातलं पाणी कमी झालंय, घरी नेऊन पाणी पाजत राहा. मी पाजत राहिले. ती नको म्हणायची, तरी पाजलं. आमच्या नळाचंच."

हे तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं नव्हतं. कॅमेरामनने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग फोन बंद झाला.

"ठेवला?" तिने विचारलं.

"ठेवला."

"अजून सांगायचं होतं."

मी दादाचा नंबर पुन्हा लावला.