वरची फळी

शरद ऋतूत तौनोच्या हृदयाचा ताल बिघडला आणि इस्पितळात तो कसाबसा ताळ्यावर आणला गेला. घरी पाठवताना तरुण डॉक्टरीणबाईंनी सौनाला, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत बसायला, परवानगी दिली, पण अटी घालून. कमी तापणाऱ्या खालच्या फळीवर बसायचं, दहा मिनिटांत बाहेर यायचं, पाणी प्यायचं, बिअर नाही. तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात उतरायचं तर नावच काढायचं नाही. ठोका चुकला किंवा गरगरलं, तर लगेच उठायचं. तौनोने मान डोलावली, पण खरा घोटाळा तिथेच होता. वाफेत बसलं की धडधडतंच. मग कुठली धडधड चांगली नि कुठली वाईट, हे ओळखायचं कसं? अडुसष्ट वर्षं सौनात काढलेल्या माणसाने हे विचारायचं म्हणजे लाज काढून घेणं, म्हणून तो गप्प राहिला.

जानेवारीतल्या एका शनिवारी तो नेहमीप्रमाणे बायकोच्या थोरल्या भावाकडे, कालेर्वोकडे गेला. दुखण्याचं त्याला कळू दिलं नव्हतं. खालची फळी पोरांची, असं कालेर्वो येताजाता म्हणायचा; तिथे बसलेल्या शेजाऱ्याला त्याने विणायला लोकर देऊ का, म्हणून विचारलं होतं. दोघेही वर चढले.

तिथला रिवाज असा की पाहुणा बसलाय तोवर यजमान दगडांवर पाणी टाकतो, आणि यजमान टाकतोय तोवर पाहुणा उठत नाही. कालेर्वोने विचारलं, टाकू का? तौनोने सांगितलं, टाक. त्याला नको होतं, पण नको म्हणणारं तोंड त्याच्याकडे नव्हतं. तिसऱ्या पाण्याला त्याच्या छातीत ढोल वाजू लागला. नियमित आहे की नाही, म्हणून तो मोजायला गेला, तर सतराला आकडा चुकला, पुन्हा सुरू केला तर बाराला. आकडा चुकतोय की ठोका, तेच कळेना. तो मनातून घाबरला.

"मी खाली उतरतो," तो म्हणाला. "हृदयाचं दुखणं आहे मला. तुझ्यापासून लपवलं."

कालेर्वोने पळी बादलीत ठेवली. मग तोही हळूहळू खाली उतरला.

"सरक, जावईबापू," तो म्हणाला. "तू उठत नाहीस म्हणून मी वर शिजत होतो."

दोघेही बाहेर पडवीत येऊन बसले, पाणी प्यायले. पंधरा मिनिटं गेली आणि कालेर्वोला राहवेना; त्याने मेव्हण्याचं मनगट धरलं आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की घोडा लंगडतोय. तौनोने पाहिलं, तर त्याने अंगठ्याने नाडी धरली होती. इस्पितळातल्या नर्सने हेच तर बजावलं होतं. अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते.

तौनोने दोन बोटांनी स्वतःची नाडी पाहिली. जलद होती, पण एकसारखी. मग उगाच, दाखवायचं म्हणून, त्याने तीच बोटं कालेर्वोच्या मनगटावर ठेवली. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन घाईघाईने. पुन्हा काहीच नाही. त्याला वाटलं, आपणच पुन्हा चुकलो. त्याने दुसरं मनगट धरलं, तिथेही तेच. शरद ऋतूत त्याच्या स्वतःच्या छातीत हेच चाललं होतं.

"किती दिवस गरगरतंय तुला?"

कालेर्वोने मनगट सोडवून घेतलं. "नाताळपासून. वाफेनं होत असेल, म्हटलं."

"शनिवार सोडूनही होतं?"

"होतं."

तौनो उठला आणि गाडीची किल्ली शोधू लागला. कालेर्वोने सदरा उलटा घातला, मग काढून सुलटा घातला.

"तू घाबरलास की काय, जावईबापू?"

"हो," तौनो म्हणाला. "घाबरलोय. मोजे घाल."