गुडघाभर बर्फ

कल्याणीने काठी बर्फात खुपसली. वरचा थर कडक लागला, मग काठी रव्यात जावी तशी सरसर खाली गेली आणि गवताला टेकली. रात्रभर समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने पलीकडच्या बाजूचा बर्फ उचलून या आडोशाच्या उतारावर आणून थापला होता. खाली ओढ्याची घळ.

नोव्हेंबर संपत आला होता. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हिमस्खलनाचे रोजचे अंदाज अजून सुरू व्हायचे होते. अंदाज नाही म्हणजे धोका नाही, असं तिच्या नवऱ्याने, इंद्रजितने, इंग्लंडमधल्या घरून, बेसिंगस्टोकहून, निघतानाच ठरवून टाकलं होतं. पुण्यात असताना त्याने पंधरा वर्षं सह्याद्रीत ग्रुप नेले होते. यतीन आणि वैभवी हे जोडपं त्याच्याच भरवशावर आलं होतं.

वरचा कडक थर खालच्या भुसभुशीत बर्फावर नुसता टेकलाय, वजन पडलं की घसरेल, परत फिरू या, असं कल्याणी म्हणाली. एवढ्याशा गुडघाभर बर्फात कोण बुडतं, असं इंद्रजितने विचारलं.

"मॅडमची लॅब उघडली," यतीन म्हणाला, आणि वैभवी हसली.

आल्या वाटेने गाडीपर्यंत चार तास लागले असते. या उतारावरून आडवं गेलं की अर्धा तास. कल्याणीने शेवटी एकच अट घातली: एका वेळी एकानेच जायचं. पहिला पोचल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ती सर्वांत हलकी, म्हणून तीच आधी गेली. बर्फ पायाखाली रिकाम्या डब्यासारखा वाजत होता. तिने पावलं मोजली. ब्याण्णवाव्या पावलाला खडक हाताला लागला आणि ती वळली.

तिघंही निघाले होते. निसरड्या कड्यावर इंद्रजित नेहमी करायला लावायचा तशी हातात हात घालून साखळी करून, तिच्याच पावलांत पावलं टाकत. ती ओरडली. वारा तिच्या तोंडावर होता.

त्यांच्या डोक्यावर एक बारीक भेग आडवी धावली आणि उतार सतरंजी ओढावी तसा खाली गेला. इंद्रजित कडेला फेकला गेला. वैभवी कमरेपर्यंत रुतली. यतीन घळीत गेला.

फावडं कोणी आणलं नव्हतं. कल्याणीने जेवणाच्या डब्याच्या झाकणाने उकरलं. यतीनच्या चेहऱ्यावर फक्त हातभर बर्फ होता, पण तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर त्याचा श्वास थांबला होता.

खाली बचाव पथकाच्या खोलीत पोलीस बाईने काय झालं ते विचारलं. ब्लँकेटमध्ये गुरफटलेल्या इंद्रजितने इंग्रजीत, अगदी नीट सांगितलं, की त्याच्या बायकोला यातलं कळतं, तिने बर्फ तपासला आणि ती स्वतः आधी ओलांडून गेली. अटीबद्दल तो काही बोलला नाही. कल्याणीकडे त्याने पाहिलंही नाही.

वैभवीने पाहिलं.

"तू गेलीस म्हणून आम्ही आलो," ती म्हणाली.

पोलीस बाईने पेन थांबवलं आणि कल्याणीला विचारलं, हे बरोबर आहे का?

कल्याणीने इंद्रजितकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"हो," ती म्हणाली. "मी आधी गेले."