विहीणबाई, बसा गाडीत

फोन ठेवला आणि सगुणाबाईंनी अंगणात येऊन आपल्या पांढऱ्या गाडीच्या टपावर अशी थाप मारली, की वर ऊन खात बसलेली मांजर उडून पळाली.

"ऐकलंस का रे म्हेश्या? तुझी सासू म्हणते, तुमच्या गाडीत हीटर चालत नाय, एवढ्या गारठ्यात लेकरू कसं धाडू? आमच्या गाडीनं सोडतो, नायतर संक्रांतीनंतर बघू म्हणे! आणि मुहूर्त कोणी काढला? तिनंच. सूर्य उगवायच्या टायमाला, चांदवडच्या थंडीत! मुद्दाम काढला."

"आई, येऊ दे ना त्यांची गाडी. काय बिघडतं?" महेश म्हणाला.

"माझी नात पहिल्यांदा मखमलाबादच्या घरी येणार, ती दुसऱ्याच्या गाडीतून? आणि मी काय दारात पार्सलची वाट बघत बसू?"

सून उज्वला बाळंतपणाला चांदवडला माहेरी गेली होती. तिला आणि लेकीला आणायला उद्याच जायचं होतं. गाडी जुनी, पण सगुणाबाईंच्या झेंडूच्या पैशांतून आलेली. तिला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. हीटर लावला की पंखा नुसता गार वारा तोंडावर फेकायचा, हे मात्र खरं होतं.

चहासुद्धा न घेता बाई मुलासकट पेठरोडच्या गॅरेजात पोचल्या. अश्विन मेकॅनिकनं बोनेट उघडलं आणि इंजिनाच्या मागून आत जाणाऱ्या दोन रबरी नळ्या चाचपल्या.

"मावशी, हात लावा. ही चटका देते आणि ती गार. डॅशबोर्डाच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो चोंदलाय. गरम पाणी फिरतच नाय. सगळा डॅशबोर्ड खोलून नवा टाकू. चार दिवस गाडी ठेवा."

"चार दिवस? मला उद्या तांबडं फुटायच्या आत निघायचंय. ठिबकच्या नळ्या चोंदल्या तर आम्ही उपटून फेकतो का? धुतो. उलट्या बाजूनं पाणी सोड."

"सोडता येईल. पण जुना माल हाय. फुटला तर सगळं पाणी गाडीत. मग उद्या गाडीच नाय."

"फुटला तर माझा फुटला. सोड तू. थांब, घरून ठिबक धुवायचं अ‍ॅसिड आणू का?"

"अ‍ॅसिड नको! खाऊन टाकील त्याला."

"नको तर नको. डोळे कशाला वटारतो?"

इंजिन गार होऊ दिलं. मग अश्विननं जुनं पाणी काढलं, दोन्ही नळ्या सोडवल्या, गार नळीला पाण्याचा पाइप जोडला आणि दुसरीच्या तोंडाशी बादली ठेवली. नळ बेताबेतानं सोडला. बादलीत थेंब पडेना. पाइप या नळीचा त्या नळीला, त्या नळीचा या नळीला लावून झाला. काही नाही.

"आई, मी सासूबाईंना फोन करतो."

"लाव हात फोनला, मग बघते तुला."

बाई बादलीसमोर उकिडव्या बसल्या आणि नळीकडे अशा बघू लागल्या, जशी काही ती त्यांना उलटून बोलली होती. अश्विननं पाइप पुन्हा फिरवला. नळी घोगरं खोकली, थांबली, परत खोकली, आणि बादलीत भसकन चॉकलेटी चिखल पडला. गंज, रेती, गाळ.

"अरे देवा! कुठलं पाणी घालता हो गाडीत?"

महेशनं आईकडे बघितलं. दर दसऱ्याला गाडीला हार घातला, की बाई रामकुंडावरून आणलेला गोदावरीच्या पाण्याचा तांब्या रेडिएटरात रिकामा करत. मधे कमी पडलं तर बोअरचं होतंच.

"गंगेचं," सगुणाबाई मान ताठ ठेवून म्हणाल्या.

"मावशी, त्याचाच तर हा गाळ..."

"ती आत होती म्हणून गाडी इतकी वर्षं चालली. तू धू."

पाणी नितळ येईपर्यंत त्यानं धुतलं. नळ्या बसवल्या, हिरवं कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा काढली. आता दोन्ही नळ्या चटका देत होत्या आणि गाडीत पायाखाली थेंबभरही ओल नव्हती.

"दसऱ्याला यात काही ओतू नका, मावशी."

"बोनेटवर शिंपडीन. तेवढं तरी चालेल ना तुला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना गाडी चांदवडच्या दारात उभी राहिली. विहीणबाई चंद्रभागा कानटोपी घालून, दोन शाली पांघरून बाहेर आल्या.

"चालला का हीटर? का आमची गाडी काढायला सांगू?"

"बसून बघा की."

त्या मागच्या सीटवर बसल्या. सगुणाबाई शेजारी बसल्या, काचा वर घेतल्या आणि महेशला बटण लाल टोकापर्यंत फिरवायला लावलं. मग निवांत कांद्याच्या रोपांची चौकशी सुरू केली. चंद्रभागाबाईंची आधी कानटोपी उतरली. मग एक शाल. मग त्या पदरानं गळा पुसू लागल्या.

"पुरे हो, कमी करा. लेकरू उकडून निघेल एवढ्यात."

"लेकरू कुठंय पण? ते तर तुमच्या घरात. आणा, म्हणजे कमी करते."

चंद्रभागाबाईंनी दार उघडलं. बाहेरचा गारठा अंगावर येताच पुन्हा ओढून घेतलं. मग काच जराशी खाली करून आतूनच हाक मारली, "उज्वला, आण गं तिला. आणि टोपडं एकच घाल."