रेड्याच्या भूमिकेत जमना

भाविकाने म्हशीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पुन्हा काजळाने झाकला. जमनाने मान झटकली, गोठ्याच्या खांबाला कपाळ घासलं आणि ठिपका परत वर आला. भाविका डबीत बोट घालणार तोच मागून आईचा, सरलाबाईंचा आवाज आला.

"म्हैसले कोन नजर लावस? इतलं कसाले?"

"ती पूर्ण काळी दिसायला हवी, आई. ती मरण आहे."

सरलाबाईंनी ढेपेची पाटी खाली ठेवली.

"मरण? ती गाभन शे!"

पुण्याला सिनेमा शिकून आल्यापासून भाविका त्या विषयावर बोलू लागली की घरातही तिची भाषा पुस्तकी व्हायची. तिने समजावलं. सिनेमातलं जनावर नुसतं जनावर नसतं. घोडा म्हणजे मोकळेपण, उडालेलं पाखरू म्हणजे प्राण. तिच्या पहिल्या लघुपटात एक शेतकरी केळीच्या बागेपाशी खाटेवर शेवटचा श्वास घेतो आणि बागेतून यमाचा रेडा येऊन उभा राहतो.

"रेडा," सरलाबाई म्हणाल्या. "ही म्हैस शे."

"लांबून कळत नाही."

"जमनाले कळस."

मरणारा शेतकरी म्हणजे भाविकाचे वडील, धुडकू आप्पा. ते सकाळपासून खुशीत होते. डोळे मिटून मरावं की उघडे ठेवून, हे त्यांनी शेजाऱ्यांनाही विचारून घेतलं होतं. गेल्या वर्षी सुरतेला त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हापासून घरात कुणी मरणाचा विषय काढत नसे. आप्पा दुपारी लवंडले की सरलाबाई कधी उशी, कधी पाण्याचा तांब्या असं काहीतरी घेऊन खाटेपाशी येत, क्षणभर उभ्या राहत आणि परत जात.

"आडवं नका पडू," त्या आता म्हणाल्या. "बठीसन मरा."

"बठीसन कोनी मरस का?" आप्पा खाटेवर ऐसपैस आडवे झाले.

कॅमेरा शहाद्याच्या पुनीतचा होता. घरचं कापडाचं दुकान सोडून तो लग्नांचं शूटिंग करायचा. भाविकाने त्याला बजावलं होतं, कॅमेरा हलवायचा नाही. मरण स्वतःच्या चालीने येईल.

आणि ते आलं. केळीची पानं बाजूला सारत जमना बाहेर पडली आणि जड पावलांनी, कुठेही न बघता, थेट खाटेशी येऊन थांबली. भाविकाच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात जमनाने मान खाली घातली आणि आप्पांचे तळपाय चाटायला सुरुवात केली.

पायाला गवताची काडी लागली तरी खदखदून हसणारा माणूस. पण पोरीने हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आप्पा हलले नाहीत. जमना चाटत राहिली. आप्पांच्या ओठाची कडसुद्धा हलली नाही.

सरलाबाई किंचाळत धावल्या. त्यांनी यमाच्या थोबाडावर चापट मारून त्याला बाजूला ढकललं आणि आप्पांचे खांदे धरून गदागदा हलवले.

"उठा! दखा मन्हाकडे!"

आप्पांनी एक डोळा किलकिला केला.

"पोर कट म्हनी का?"

सरलाबाई जमनाला ओढत गोठ्यात घेऊन गेल्या. चहा सगळ्यांना मिळाला. आप्पांचा कप मात्र हातात न देता ओट्यावर आपटला गेला.

दोन-चार दिवसांनी भाविका ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. शॉट वाया गेल्याचा राग अजून उतरला नव्हता. आप्पा शेजारी येऊन टेकले. पडद्यावर जमना केळीतून निघाली, तसे ते मांडीवर थाप मारून हसले. ती पाय चाटायला लागली तेव्हा तर त्यांना ठसकाच लागला.

मग चित्र हललं. लग्नात बाईच्या रडण्याचा आवाज आला की पुनीतचा कॅमेरा आपोआप तिकडे वळत असे. आताही वळला होता. सगळा पडदा सरलाबाईंच्या चेहऱ्याने भरून गेला.

त्या वेळी खाटेवर आप्पांचे डोळे मिटलेले होते.

"परत दखाड," ते म्हणाले.

"कोनतं?"

"जमनानं. कशी ऊनी ती, दखू दे."

भाविकाने मागे नेलं. जमना आली, तिने पाय चाटले, ती ढकलली गेली. आप्पा हसले नाहीत. जमना पडद्यावरून गेल्यावर ते थोडे पुढे झुकले. चित्र संपलं तरी तसेच बसून राहिले.

भाविकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता पुन्हा मागे नेलं, पण थोडंसंच. या वेळी म्हैस आलीच नाही. आप्पांनी ती कुठे गेली म्हणून विचारलंही नाही.